मीठ घातलेला बर्फ

बाटली मी उलटी केली आणि आतले औषध हलले नाही. एवढेच घडले. मे महिन्यातला रविवार होता, दुपारचे बारा वाजून गेले होते, स्वयंपाकघराच्या फरशीवर मी अंथरलेली जुनी धोतरे पाणी पिऊन जड झाली होती, आणि रिकाम्या, पुसलेल्या, दार उघड्या फ्रीजसमोर मी उकिडवा बसलो होतो. अंगठ्याहून थोडी मोठी अशी ती काचेची बाटली. रबरी बुचाभोवती पातळ धातूची कडी, लेबलावर अण्णांनी बॉलपेनने घातलेली उघडल्याची तारीख. तिच्यातले इन्सुलिन पातळ दुधासारखे असे. बाटली कलती केली की काचेवरून एक पुसट पांढरा पडदा सरकत खाली येई. आता पडदा नव्हता. एक घट्ट, किंचित फुगलेला पांढरा खडा काचेला धरून बसला होता, आणि बाटली इतकी गार होती की ती बोटांना भाजते आहे असे क्षणभर वाटले. मी ती मुठीत झाकली. बाहेरच्या खोलीतून अण्णांनी विचारले, "निहार, किती राहिलं?" मी म्हणालो, "होतच आलं." माझा आवाज नेहमीसारखा आला याचे मला आश्चर्य वाटले, आणि त्या आश्चर्यातच, मला वाटते, पुढल्या नऊ दिवसांचे सगळे ठरून गेले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजव्याजवळच्या रिफायनरीत तेहेतीस वर्षे ऑपरेटर होते, आणि निवृत्त होऊन वर्ष उलटले तरी त्यांच्या बोलण्यातून कारखाना निवृत्त झाला नव्हता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या फ्रीजचा 'शटडाउन' होई. सकाळचे इंजेक्शन आणि नाश्ता झाला की अण्णा स्विच बंद करीत, प्लग काढून त्याच्या पिना वर्तमानपत्रात गुंडाळीत आणि दारावर चिठ्ठी लावीत: 'काम चालू आहे. परवानगीशिवाय स्विच लावू नये.' खाली वेळ आणि सही. तेव्हा घरात माणसे तीन. आई पदर तोंडाला लावून हसे. "अहो, परवानगी मागणारे तुम्ही, देणारेही तुम्ही. मग सही कोणाला दाखवता, मला की फ्रीजला?" अण्णा गंभीरपणे सांगत, "सुनेत्रा, नियम माणसं बघून नसतो," आणि बर्फाच्या खणाखाली परात सरकवीत. महिनाभरात त्या खणाच्या चारी भिंतींवर बर्फ साचून आत एक लहानशी पांढरी गुहा झालेली असे. तिला सुरी लावायची नाही, गरम पाणी ओतायचे नाही. बर्फ आपल्या वेळेने सुटू द्यायचा. तोवर जाळ्या काढून धुवायच्या, आतला भाग खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसायचा, दाराच्या रबराच्या घड्यांतून जुना टूथब्रश फिरवायचा. मग फ्रीज भिंतीपासून ओढून मागच्या काळ्या जाळीवरची धूळ झाडायची. शेवटी दारात वर्तमानपत्राची पट्टी धरून दार लावायचे आणि पट्टी ओढून पाहायची. सहज निघाली तर रबर सैल. मी लहान असताना ती पट्टी ओढण्याचा मान माझा असे. ती कधीच सहज निघाली नाही. आता गावात ठिकठिकाणी काचेच्या दुकानांतून बर्फच न साचणारे दोन दारांचे फ्रीज येऊन उभे राहिले होते. समोरच्या तरलाबेनांनी दिवाळीला घेतलाही. अण्णा तो पाहून आले आणि म्हणाले, "छान आहे. पण ज्याला आपलं काही करावंच लागत नाही, त्याच्याकडे मग बघायचं कोणी?"

या वेळी मात्र अण्णांना वाकायला मनाई होती. आठवड्यापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. त्या डोळ्यावर हिरवी झापड होती आणि डाव्या डोळ्यात अजून पिकायचा राहिलेला दुसरा मोतीबिंदू. शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवून सगळी कृती पहिल्यापासून सांगितली, जी मला पाठ होती, आणि मग म्हणाले, "उद्याच्या चिठ्ठीवर तू सही कर." मी सव्वीस वर्षांचा होतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांची कार्डे लिहिण्याचे काम करीत होतो, आणि तिथेही नुकताच कॉम्प्युटर आल्यामुळे माझ्या अक्षराची गरज दिवसेंदिवस कमी होत चालली होती. कोणी माझ्या हाती काही सोपवावे, ही गोष्ट माझ्या आयुष्यात फार वेळा घडली नव्हती. अण्णांशी माझे बोलणे आई होती तोवर आईच्या वाटेने जाई. "अण्णांना सांग, मला उशीर होईल." "त्याला सांग, छत्री ने." आई दोन वर्षांपूर्वी गेली आणि ती वाट बंद झाली. मग आम्ही दोघे गॅसच्या सिलिंडरविषयी, पाण्याच्या मोटारीविषयी आणि या फ्रीजविषयी बोलू लागलो. त्या बोलण्याखाली दुसरे काही असे की नाही, मला सांगता येणार नाही. पण महिन्याच्या पहिल्या रविवारची मी वाट पाहत असे, हे खरे आहे.

अण्णांच्या कृतीत बाटलीसाठी एक ओळ होती: औषध ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवावे. मी तसे ठेवलेही होते. पण त्या दिवशी ऊन असे होते की गच्चीकडची भिंत आतल्या बाजूनेही तापली होती, आणि अर्ध्या तासाने मी फडक्याला हात लावला तो ते कोरडे. मला भीती वाटली. भीतीने मी नेहमी काही तरी जास्तीचे करतो. खणातून सुटलेल्या बर्फाच्या लाद्या परातीत पडल्या होत्या. त्या मी फोडून पितळी डब्यात भरल्या, मध्ये बाटली ठेवली, आणि बर्फ टिकावा म्हणून त्यावर दोन मुठी खडे मीठ घातले. ते मला कोणी शिकवले नव्हते. ते माझ्या हातांत होते. आंब्याच्या दिवसांत आई आइस्क्रीमचा लाकडी संचा माळ्यावरून काढी. खंडेराव मार्केटाकडून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी येई, पोत्यात घालून ती बत्त्याने फोडायची, आणि मधल्या डब्याभोवती बर्फ आणि मीठ, बर्फ आणि मीठ असे थर द्यायचे. मूठ सोडताना ती म्हणे, "मीठ पडलं की बर्फाला जोर येतो बघ." मग हँडल फिरवून फिरवून तिच्या गळ्याशी घाम येई आणि मी तिच्या मांडीशी बसून त्या थंड लाकडाला गाल लावी. जोर येतो म्हणजे बर्फ जास्त वेळ टिकतो, असे मी समजत आलो होतो. तो टिकत नाही. तो लवकर वितळतो आणि वितळताना अवतीभवतीचे सगळे गोठवून टाकतो. त्या संच्यात दुधाचे जे होई तेच बाटलीत झाले होते. एवढी सोपी गोष्ट मला कळायला अंगठ्याहून थोडी मोठी बाटली उलटी करावी लागली.

मी ती तळव्यांमध्ये धरून बसलो. हळूहळू कडेने दूध सुटले, खडा लहान झाला, तरंगला, नाहीसा झाला. अण्णा सुई भरण्यापूर्वी जशी फिरवीत तशी मी ती दोन्ही तळव्यांत फिरवली. पांढरा पडदा परत आला. फक्त तो पूर्वीसारखा सलग नव्हता; त्यात बारीक कण होते, रव्यासारखे, आणि काही कण काचेला चिकटून खाली यायला तयार नव्हते. मी डोळे बारीक केले तेव्हा ते दिसले. मोठे केले तेव्हा दिसले नाहीत. मग मी बाटली दाराच्या कप्प्यात ठेवली, प्लग लावला. कॉम्प्रेसर एकदा थरथरून सुरू झाला.

"स्टार्ट-अप?" अण्णांनी विचारले.

"झाला."

"औषध?"

"जागेवर आहे," मी म्हणालो. ते खोटे नव्हते.

सोमवारी सकाळी सातला मी त्यांच्याजवळ उभा होतो. रोजचा क्रम असा होता: न्हाणीघराच्या फळीवर स्पिरिटचा दिवा, त्यावर काचेच्या नळीत निळे द्रावण आणि लघवीचे आठ थेंब. निळे राहिले तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि शेवटी विटकरी. शस्त्रक्रियेपासून रंग पाहण्याचे काम माझे होते. अण्णा नळी चिमट्यात धरीत, तोंड दुसरीकडे करीत आणि म्हणत, "बोल." मी म्हणालो, "हिरवा. निळ्याकडे झुकलेला." ते समाधानाने हुं म्हणाले. मग त्यांनी बाटली तळव्यांत फिरवली, सुई भरली आणि सिरिंज माझ्या डोळ्यांसमोर धरली. "अठ्ठावीस आहे ना?" मी रेघा मोजल्या. अठ्ठावीस होत्या. त्या रेघांच्या मध्ये, काचेसारख्या प्लॅस्टिकच्या आत, एक कण अगदी सावकाश खाली उतरत होता. "आहे," मी म्हणालो. त्यांनी पोटाची चिमूट धरली. मी खिडकीबाहेर पाहिले.

दुपारी ग्रंथालयात मी वैद्यकशास्त्राच्या कपाटाकडे गेलो. जी पुस्तके मी नुसत्या नावांनी ओळखत होतो त्यांतले एक उघडायला मला दोनदा इकडेतिकडे पाहावे लागले, जणू मी काही अश्लील वाचणार होतो. अखेर एक ओळ सापडली. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरू नये. त्याचा गुण गेलेला असतो. ओळ इतकी लहान होती की तिच्यात शिरून लपायला कुठे जागा नव्हती. मी पुस्तक जागेवर ठेवले, माझ्या टेबलाशी येऊन त्याचेच कार्ड काढले, आणि त्यावरचे माझे अक्षर बराच वेळ पाहत बसलो. आज घरी गेल्यावर सांगायचे, असे मी ठरवले. वाक्यही तयार केले. सायकलवरून येताना ते मी पुन्हा पुन्हा म्हटले, सुभानपुऱ्याच्या वळणापर्यंत ते माझ्याबरोबर होते. दारात अण्णा उभे होते. "निहार," ते म्हणाले, "बर्फाचा खण काय सुरेख बसलाय रे. मी हात लावून बघितला. माझ्यापेक्षा चांगला शटडाउन केलास." माझे वाक्य जिन्यातच राहिले.

मंगळवारी रंग पिवळा आला. मी तो तसाच सांगितला. मला वाटले, जे मी सांगू शकत नाही ते रंगच त्यांना सांगेल. पण रंगाला फक्त काय झाले एवढेच सांगता येते, कोणी केले हे सांगता येत नाही. डॉक्टरांनी सांगून ठेवले होते की पिवळा आला तर दोन युनिट वाढवा. अण्णांनी दोन वाढवली. "तीस आहे ना?" "आहे." बुधवारी पुन्हा पिवळा, गुरुवारी नारिंगी. रोज दोन. या दिवसांत मला घरातले पाण्याचे सगळे आवाज ऐकू येऊ लागले: माठात ओगराळे बुडल्याचा, पेल्यात धार पडल्याचा, थोड्या वेळाने न्हाणीघराच्या कडीचा. मी वर्तमानपत्र समोर धरून ते मोजीत असे. पाच. सहा. अण्णांच्या सदऱ्याची मान सैल झाली होती, की ती पहिल्यापासूनच तशी होती? फ्रीज मध्येच सुरू होई, मध्येच थांबे. आणि तो थांबला की जी शांतता होई तिच्यात अण्णांचा घोट उतरल्याचा आवाज स्पष्ट येई.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. ते खुर्चीत सरळ बसले होते आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे एकेक करून दाबीत होते. "एक सांगू? रागावू नकोस." मी वर्तमानपत्र खाली ठेवले. "रविवारी तू दळण आणायला गेला होतास ना, तेव्हा तरलाबेन रस घेऊन आल्या होत्या. नको म्हटलं. पण वास असा आला... सुनेत्रा गेल्यापासून घरात आंबा कापला नाही आपण. दोन वाट्या खाल्ल्या. वाटीही धुऊन ठेवली, तुला कळू नये म्हणून." ते थोडे हसले. "म्हाताऱ्या माणसानं चोरून खायचं म्हणजे काय. त्याचा हा रंग. तुला रोज सकाळी ते बघत उभं राहावं लागतं. माफ कर मला." मी म्हणालो, "असू द्या, अण्णा." असू द्या. त्या दोन शब्दांची मला आजही शिसारी येते. दोन वाट्यांची साखर एवढे दिवस टिकत नाही हे त्यांना कळायला हवे होते. पण अपराधी माणसाला हिशेब सुचत नाही, हे मी माझ्यावरूनच जाणत होतो. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भात सोडला, मग रात्रीची भाकरीही अर्धी केली, आणि ताटावरून उठताना एखादे काम नीट पार पाडल्यासारखा त्यांचा चेहरा असे.

शुक्रवारी मी सायकल घेऊन मांडवीत गेलो. आमच्या बाजूच्या औषधाच्या दुकानात आम्हाला ओळखतात. मांडवीत मला कोणी ओळखणार नव्हते. नवी बाटली आणायची, लेबलावर अण्णांच्या अक्षरासारखी तारीख घालायची, त्या बाटलीतले जास्तीचे औषध सुईने काढून टाकून पातळी जुळवायची आणि मेलेली बाटली सुरसागर तलावात फेकून द्यायची. सगळे ठरले होते. दुकानात गर्दी होती. पलीकडच्या माणसाने माझ्याकडे पाहून विचारले, "बोलो भाई, शुं आपुं?" आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आले की अण्णा आता अठ्ठावीसवर नव्हते. छत्तीसवर होते. मेलेल्या औषधाचे छत्तीस. जिवंत औषधाचे छत्तीस मी त्यांच्या हाती दिले, तर साखर चढण्याऐवजी उतरेल, उतरतच जाईल, आणि त्या उतारावर माणूस कसा थरथरतो, बरळतो, डोळे मिटतो, हे मी वैद्यकाच्या त्याच पुस्तकात पुढच्या पानावर वाचले होते. सोमवारी सांगितले असते तर ती एक चूक होती. आता तिला दर सकाळी दोन युनिटांची वाढ होत होती, आणि रोज रेघा मोजून "आहे" म्हणणारा मी होतो. "भाई, बोलो ने," तो माणूस म्हणाला. मागून कोणी तरी म्हणाले, "एने विचारवा दो, मुरत जोवा आव्यो लागे छे." मी मुहूर्त बघायला आलो असेन म्हणून लोक हसले. मी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या.

शनिवारी डोळ्याच्या डॉक्टरांनी झापड काढून आत प्रकाश टाकला. मग म्हणाले, "लाली आहे. शुगर का चढली? आठवडाभरात खाली आणा, जनार्दनभाई. नाही तर टाका धरणार नाही, आणि मग मी काही करू शकणार नाही." परतताना रिक्षात, अकोट्याच्या पुलावर, अण्णा म्हणाले, "दोन वाट्यांना डोळा महाग पडला असता." मी त्यांच्याकडे पाहिले. ते खरोखरच थट्टा करीत होते, मला बरे वाटावे म्हणून.

रविवारीच आकडा चाळीसवर पोहोचला होता, त्याच्या वर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचे नव्हते, आणि बाटली संपत आली होती. मंगळवारी सकाळी अण्णांनी जुनी बाजूला ठेवून नवी उघडली. ती त्यांनी आदल्या संध्याकाळी आमच्याच बाजूच्या दुकानातून आणली होती. मी चहा टाकत होतो, तो गॅस बंद केला. मला ठाऊक होते. मी रात्रीपासून तयार होतो; वाक्य या वेळी अगदी लहान होते, दोनच शब्दांचे. थांबा, अण्णा. त्यांनी तारीख घातली, बाटली तळव्यांत फिरवली. पांढरा पडदा काचेवरून सलग, रेशमासारखा खाली आला. इतके सुंदर मी नऊ दिवसांत काही पाहिले नव्हते. सुई भरली. सिरिंज माझ्या डोळ्यांसमोर आली. "चाळीस आहे ना?" माझे तोंड उघडले होते. त्यातून आले ते रोजचेच: "आहे." त्यांनी पोटाची चिमूट धरली, दाबले, सुई काढली, वर कापूस ठेवला.

"थांबा, अण्णा," मी म्हणालो.

"आता काय थांबू? पत्युं, झालं." ते कापूस दाबीत म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवले. मला वाटते, एका धूसर डोळ्यानेही त्यांना माझा चेहरा दिसला. "काय झालं?"

"आधीची बाटली मेलेली होती. शटडाउनच्या दिवशी गोठली. मी बर्फात मीठ घातलं होतं."

ते कापूस दाबतच राहिले. खूप वेळ नाही. कदाचित चार श्वास. मग म्हणाले, "म्हणजे हे चाळीस..."

"हे चाळीसच आहेत."

मी ओरडण्याची वाट पाहत होतो. ते ओरडले नाहीत. त्यांच्या आवाजात मला अनोळखी असे काही आले, सपाट आणि स्वच्छ; कारखान्यात घंटा वाजल्यावर ते असेच बोलत असणार. "किती वाजले?" "सात बेचाळीस." "लिहून ठेव. साखर घाल पाण्यात, चार चमचे. मग डॉक्टरांच्या घरी फोन लाव. आणि तुझ्या ऑफिसला, आज येत नाही म्हणून." डॉक्टरांनी मला दोन वेळा तेच विचारले आणि मग कोरड्या आवाजात सांगितले: या औषधाचा जोर दुपारी येतो, संध्याकाळपर्यंत राहतो. दर तासाला काही तरी खायला द्या. तळव्यांना घाम, हातांना कंप, बोलण्यात घोटाळा, काही दिसले तर ग्लुकोज पाजून लगेच घेऊन या. आणि एकटे सोडू नका.

मी सोडले नाही. खिडक्यांवर ओल्या चादरी टाकून आम्ही दोघे समोरासमोर बसलो, अण्णा पलंगावर, मी खुर्चीत. नऊला पोहे. दहाला केळे. अकराला भात, पाच दिवसांनंतर पहिल्यांदा. ते मुकाट्याने खात होते आणि मी त्यांच्या बोटांकडे पाहत होतो. एकच्या सुमारास तरलाबेन आल्या. साखर मागायला मीच त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा त्यांना काही तरी कळले होते. हातात झाकलेले पातेले. "भाऊ, आज तर डॉक्टरनी ऑर्डर छे ने? रस आणला आहे. साकर टाकून आणला हां, आज कोणी मना नाही करणार!" अण्णांनी हसून हात जोडले. त्या गेल्यावर त्यांनी वाटी तोंडाला लावली, अर्धी संपवली आणि खाली ठेवली.

"म्हणजे त्या दिवशीच्या दोन वाट्यांचं काही नव्हतं."

"नव्हतं."

"आणि मी तुझी माफी मागितली."

"हो."

पंख्याची हवा गरम होती. चादरीच्या कडेवरून पाण्याचा थेंब फरशीवर पडला, मग दुसरा. अण्णा हळूच म्हणाले, "तुला तरी कुठं ठाऊक असणार तेव्हा, की त्याचा गुण गेलाय." त्यांनी ते अशा आवाजात म्हटले की त्यात प्रश्न नव्हता, ते मला काही तरी देत होते, ताटातली स्वतःची वाटी सरकवावी तसे. मला फक्त मान हलवायची होती. झापडीबाहेरच्या डोळ्याला ती हललेली दिसलीही असती.

"ठाऊक होतं," मी म्हणालो. "पहिल्या सोमवारपासून. पुस्तकात बघितलं होतं."

त्यांनी वाटी बाजूला सरकवली. थोड्या वेळाने त्यांनी पलंगावर अंग टाकले आणि तोंड भिंतीकडे केले. त्यांच्या पाठीवर सदरा हाडांत रुतला होता. मी खुर्ची पुढे ओढली, कारण आता मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता आणि मला त्यांच्या श्वासावरून सगळे ओळखायचे होते. दोन वाजता मी "अण्णा" म्हटले. त्यांनी न वळता हात मागे केला, बिस्किटे घेतली, खाल्ली. तीनलाही तसेच. त्यांचा राग आहे की थकवा, की औषधाचा जोर चढू लागला आहे, या तिन्हींचे मौन बाहेरून सारखेच होते. बोलण्यात घोटाळा दिसला तर आणा, डॉक्टरांनी सांगितले होते. पण जो माणूस बोलतच नाही त्याच्या बोलण्यातला घोटाळा मला कसा कळावा? मला त्यांना काही तरी विचारायचे होते, काहीही, नुसते नाव, तारीख. आणि तो प्रश्न विचारण्याचा अधिकार माझ्याकडे उरला आहे की नाही हे मला समजत नव्हते. बाहेर ऊन इतके पांढरे होते की चादरींमधूनही ते आत येऊन जमिनीवर बसले होते.

चार वाजले असतील. अण्णा कुशीवर वळले. त्यांनी डोळा उघडला, माझ्या दिशेने पाहिले, आणि उजवा हात पलंगाच्या कडेवरून पुढे केला, तळवा वर.

"बघ," ते म्हणाले. "घाम आहे का?"

मी तो हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरला असेल, त्यानंतर नाही. तो मला वाटला होता त्याहून हलका होता, आणि अंगठ्याच्या बुडाशी रिफायनरीतले एक जुना भाजल्याचा गुळगुळीत वण होता जो मी कधी पाहिलाच नव्हता. तळव्याला ओल होती. माझ्याही तळव्याला होती. कोणाची कोणाला लागली ते मला ओळखता येईना. मी बोटे दाबून पाहिली, सोडली, पुन्हा दाबली.

"आहे का?" अण्णांनी विचारले.

"थांबा," मी म्हणालो. मी त्यांचा हात उशीवर ठेवला, माझे दोन्ही तळवे पायजम्याला घासून कोरडे केले, मग त्यांचाही तळवा पंच्याने टिपला, आणि तो पुन्हा हातांत घेतला. "नीट बघून सांगतो."